दोरीच्या टोकाला सूप

चिंचवलीच्या महिला रस्सीखेचीत यंदा खालच्या आळीकडून हेमलता शिर्के यांच्या जागी बोकडाच्या पायांचं सूप खेळलं.

हेमलता दरवर्षी दोरीच्या शेवटच्या टोकाला असायच्या. दोरी कमरेला बांधून घ्यायची आणि टाचा रोवायच्या, एवढंच काम. पण यंदा स्पर्धेच्या तोंडावर त्या गच्चीवरचे पापड काढताना घसरल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्या, तोवर त्यांची धाकटी जाऊ विमल पाये घेऊन आली होती. तिने ते भाजून खरवडले, धुतले, फोडून घेतले आणि आलं, लसूण, हळद, मिरी घालून दिवसभर मंद आचेवर ठेवले. वर येणारा फेस काढत राहिली. संध्याकाळी गाळून पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं.

सकाळी सूप छान थिजलं होतं. वाटीभर काढावं म्हणून विमलने डाव घातला, तेव्हा सूप म्हणालं, "थांबा. आज टोकाला कोण उभं राहणार?"

"तेच तर ठरत नाहीये," विमल म्हणाली.

"मग मी राहीन."

विमल पातेलं घेऊन हेमलतांच्या कॉटपाशी आली. हेमलतांनी आत बघितलं. "तुला झेपेल?"

"गळ्यात दोरी बांधून बोकडाला कधी ओढलंय का तुम्ही?" सुपाने विचारलं.

हेमलतांनी माहेरी ओढलं होतं. मान ताणली जाते, डोळे मोठे होतात, पण चारी पाय जागचे हलत नाहीत.

"ते पाय सगळे माझ्यात उतरलेत," सूप म्हणालं.

"मग चल," हेमलता म्हणाल्या. जिंकणाऱ्या आळीला वर्षभर नळाचं पाणी सकाळी सुटायचं, हरणारीला भर दुपारी. खालच्या आळीने बरीच वर्षं दुपारीच पाणी भरलं होतं.

मैदानावर पंच निकम सर होते, शाळेतून निवृत्त झालेले. नावं लिहिता लिहिता ते थांबले. "सूप म्हणजे धान्य पाखडायचं?"

"नाही सर, प्यायचं," विमल म्हणाली.

"आळीतलंच आहे ना?"

"आमच्याच चुलीवर झालंय."

वरच्या आळीची कॅप्टन कांचन जगदाळे पुढे आली. "सर, स्पर्धा बायकांची आहे. सूप बाई आहे का?"

सरांनी थोडा विचार केला. "तुम्ही तो सूप म्हणता का?"

"नाही. ते सूप."

"मग पुरुष नाही. पुरुष चालणार नाही, एवढाच नियम आहे. मात्र वितळलं तर बाद."

हे दोन्ही बाजूंना पटलं. पातेल्याच्या काठाखाली दोरी आवळून बांधली. विमलने भोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि वर छत्री धरली. हेमलता खुर्चीवर प्लास्टरचा पाय पुढे घेऊन बसल्या होत्या. खुर्ची त्यांनी पातेल्याशेजारीच मांडायला लावली होती.

पहिला डाव खालच्या आळीने घेतला. पातेलं तसूभर हललं नाही. दुसऱ्या डावात ऊन वर आलं, कडेचं सूप सुटलं, पातेलं डुचमळलं आणि सगळी रांग फरफटत पुढे गेली.

"कितपत घट्ट आहेस?" हेमलतांनी विचारलं.

"मधलं आहे अजून," सूप म्हणालं. "पण लवकर शिट्टी मारायला सांगा."

सरांनी तिसऱ्या, शेवटच्या डावाची शिट्टी मारली. दोरी ताठ झाली. वरची आळी मागे झुकली आणि पातेलं वीतभर पुढे सरकलं. मग आतून कुणीतरी जोरात नाकाने श्वास सोडल्यासारखा आवाज आला. पातेल्याखालच्या मातीत खुरांचे ठसे उमटले, एकेक करत, मागे मागे. बायका त्या ठशांच्या लयीत ओढू लागल्या. कांचनची चप्पल तुटली, तिची पकड सुटली, आणि वरची आळी रेषा ओलांडून एकमेकींवर कोसळली.

खालच्या आळीत कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. हेमलता प्लास्टर विसरून उठायला गेल्या आणि विमलने त्यांना खांद्याला धरून बसवलं. निकम सरांनी पातेल्यात डोकावून खात्री केली. मधोमध अजून लिंबाएवढा गोळा शिल्लक होता. त्यांनी निकाल जाहीर केला.

घरी आल्यावर सूप म्हणालं, "आता तापवा. ज्यासाठी केलं ते राहिलंय."

"इतक्यात नको," हेमलता म्हणाल्या. "जरा बस."

"गार झालेलं चांगलं लागत नाही."

विमलने ते उकळलं, वरून लिंबू पिळलं आणि वाटी हेमलतांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ नुसती फुंकर घातली. मग एक घोट घेतला.

"मीठ?" सुपाने विचारलं.

"बरोबर आहे," हेमलता म्हणाल्या, आणि वाटी संपवली.