मशीनवाले काका आणि ती बोगस बाई

ऑनलाइन वस्तू विकणारा माणूस खरा की भामटा, हे मी नुसत्या फोटोवरून ओळखतो. (आजवर मी ऑनलाइन काहीही घेतलेलं नाही, ते म्हणूनच.) ऑफिसात माझं कामच कागदपत्रं तपासण्याचं. समोर उभ्या असलेल्या अर्जदाराचा जन्म झाला आहे, यावरही माझा चटकन विश्वास बसत नाही. त्यामुळे बायकोची शिलाई मशीन कायमची बंद पडली तेव्हा, "जुनी पण चांगली मशीन मी शोधतो," असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

बायकोने शाळेच्या नाटकाचे कपडे शिवायला घेतले होते. नाटक शनिवारी. सैन्य सगळं कापडाच्या तुकड्यांत पडलेलं आणि राजाचा अंगरखा एका बाहीवर अडलेला.

"अहो, मिळाली का?" ती रोज विचारायची.

"तपास चालू आहे."

पहिल्या विक्रेत्याचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. इतकं चांगलं कोणी असतं का? बाद. दुसऱ्याला काहींनी शिव्या घातल्या होत्या. तोही बाद. तिसऱ्याची मशीन फोटोत लखलखत होती, म्हणजे नक्की काहीतरी लपवलेलं. राहता राहिले एक निवृत्त शिंपी. फोटो अंधुक, आणि खाली लिहिलेलं: "मशीन जुनी आहे. आवाज करते. पण काम करते." इतका प्रामाणिकपणा पाहून माझा संशय पक्का झाला.

'सावध ग्राहक' या नावाने मी त्यांची उलटतपासणी सुरू केली. (अनोळखी माणसाला स्वतःचं तोंड कोण दाखवतं? फोटो म्हणून मी आमच्या दारातली काठ तुटलेली निळी कुंडी लावली होती.) आजच्या वर्तमानपत्राशेजारी ठेवून मशीनचा फोटो मागितला. तो आला. विकण्याचं खरं कारण विचारलं. "गुडघे दुखतात." मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. मग शेजाऱ्यांचं त्यांच्याबद्दल काय मत आहे असं विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "साहेब, मी मशीन विकतोय. मुलगी देत नाहीये."

पाठोपाठ दुसरा मेसेज: "एक बाई लगेच घ्यायला तयार आहेत. तुमचं काय?"

मी खुर्चीतून उडालोच. हीच ती युक्ती! गिऱ्हाइकाला घाई करायची म्हणून बोगस बाई उभी करायची! मी बाणेदारपणे लिहिलं, "असल्या बाया मी खूप पाहिल्यात. ती खरी असेल तर सिद्ध करा."

तासभर वाट पाहिली, पण पुरावा काही आला नाही. मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो. "एका भामट्यापासून थोडक्यात वाचलीस."

"असू दे," ती म्हणाली. "मी घेतली मशीन. संध्याकाळी येतेय."

"कोणाकडून? काही चौकशी केलीस?"

"फोनवर बोलले. माणूस बरा वाटला."

बरा वाटला! मला तिची मनापासून काळजी वाटली.

संध्याकाळी बेल वाजली. टेम्पोवाल्याने मशीन आत ठेवली. त्याच्यामागून एक म्हातारे गृहस्थ गुडघे धरत, धापा टाकत वर आले. ते गुडघे मी लगेच ओळखले.

"ताई, तुम्ही भेटलात म्हणून सुटलो," ते म्हणाले. "एक ठार वेडा मागे लागला होता. तुम्ही खऱ्याच नाही म्हणे! म्हणून तर तुम्हाला स्वस्तात दिली."

बायको खळखळून हसली. "काय एकेक माणसं असतात! काका, मला त्याच्या बायकोची कीव येते हो."

"मलाही," मी म्हणालो. (दुसरं काय म्हणणार?)

"हा बघा ना. स्वतःचा फोटोसुद्धा नाही," म्हणत काकांनी मोबाइल तिच्यापुढे धरला.

बायकोने फोटो पाहिला. दारातली कुंडी पाहिली. मग मला पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता भडका उडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

पण ती अगदी शांतपणे म्हणाली, "काका, किंमत अजून थोडी कमी करा. त्या वेड्याची बायको मीच."

काकांनी कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकही पुरावा न मागता किंमत कमी केली.