गेनू अस्वलाचा ग्रीक आत्मा

एका जंगलात, बाळांनो, गेनू नावाचं एक अस्वल राहायचं. कुठलं जंगल ते विचारू नका. तिथल्या मंडळींना राग लवकर येतो.

एके दिवशी गेनूचा मागचा उजवा पाय ठणकू लागला. झाडावर चढता येईना. आता, झाडावर न चढणाऱ्या अस्वलाला मध कोण आणून देणार? चार दिवसांत बिचारं निम्मं झालं.

ते आधी घुबडाकडे गेलं. घुबड म्हणजे जंगलाचा भगत. त्याने मोरपीस फिरवलं आणि सांगितलं, "आत्म्याचा त्रास आहे. तुझ्या पणजीचा असावा."

"शी! ही अंधश्रद्धा!" सगळं जंगल म्हणालं. कारण जंगल सुधारलेलं होतं. तिथे नुकताच डॉक्टर करकोचा आला होता, परदेशात शिकून. दर उन्हाळ्यात तो परत जायचा, म्हणून त्याच्या शब्दाला फार वजन होतं.

करकोच्याने गेनूला पालापाचोळ्यावर आडवं केलं. पायाकडे पाहिलंच नाही.

"लहानपणी आई मारायची?"

"अस्वलाची आई ती, डॉक्टरसाहेब. मारणारच."

करकोच्याने डोळे मिटून मान हलवली. "सायकोसोमॅटिक!"

"म्हणजे हो काय?"

"सायकी म्हणजे आत्मा, सोमा म्हणजे शरीर. ही ग्रीक भाषा. आत्म्याचं दुखणं तुमच्या अंगावर निघालंय."

"पण घुबडही हेच म्हणालं!"

"घुबड अडाणी आहे. ते मराठीत म्हणालं."

बाळांनो, गेनूला हे पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

झालं! जंगलात जो तो 'सायको'ची भाषा बोलू लागला. सशांनी सायकोथेरपी सुरू केली. साय वाटतायत असं समजून रानमांजर दोन दिवस रांगेत बसलं. गेनू लंगडत हिंडायचं आणि भेटेल त्याला आजाराचं नाव सांगायचं. नाव सांगताना जरा बरं वाटायचं. पोट मात्र रिकामंच.

शेवटी शेजारच्या भागामावशीला राहवेना. मावशी म्हणजे साळिंदर.

"गेन्या, पाय दाखव बघू. अरे मेल्या, काटा आहे की हा! माझाच! मागे एकदा अंधारात माझ्या पाठीवर पाय दिलास ना, तेव्हाचा."

"काटा नाही मावशी, आत्मा आहे."

मावशीने तो आत्मा दातांत धरला आणि ओढून काढला.

गेनू किंचाळलं आणि सरळ झाडावर चढलं.

ओरडा ऐकून सगळे धावले. "थेरपी लागू पडली," करकोचा म्हणाला.

"कसली थेरपी, भाऊ? काटा होता," मावशी म्हणाली.

करकोच्याने तिला न्याहाळलं. "यांना आत्म्याच्या जागी काटे दिसतात. सायकोसिस."

एवढं लांब नाव माकडांना झेपेना. "सायको! सायको!" ती ओरडू लागली. हरणांनी आपापली पाडसं मागे ओढली.

मावशीने झाडाकडे वर पाहिलं. "गेन्या, तू तरी सांग रे."

गेनू वर पोळ्यात तोंड घालून बसलं होतं. त्याने खाली पाहिलं, पाय पाहिला. मग म्हणालं, "डॉक्टरसाहेब म्हणतात, तर असेल, मावशी."

मला त्याचा अजून राग येतो.

मावशी त्याच दिवशी बीळ सोडून निघाली. तिला कोणी अडवलं नाही.

तात्पर्य: आधी ग्रीक शिकावं, मग काटा काढावा. आणि काढलाच, तर ज्याचा काढला त्याला साक्षीला बोलावू नये.