ढोणे कंपाउंडरचा पाव हिस्सा

ढोणे कंपाउंडरला तुम्ही काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "कितीतले किती?"

आज वीज गेली म्हणा, "कितीतले किती तास?" संत्री आंबट निघाली म्हणा, "कितीतली किती?" आमच्या स्कीममधल्या एका बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं आणि पोरगा नापास झाला म्हणून डोळ्याला पदर लावला. ढोणे म्हणाले, "कितीतल्या किती विषयात?" बाई पदराआडूनच म्हणाल्या, "सहातल्या दोन." "मंग चारात पास हाय ना ताई, रडून काहून राहिल्या?" रागवावं की बरं वाटून घ्यावं हे बाईंना कळेना. त्या तशाच वर निघून गेल्या.

स्कीम म्हणजे सरकारी योजना नव्हे. नागपुरात फ्लॅटच्या इमारतीला स्कीम म्हणतात. आमची धरमपेठेच्या मागच्या अंगाला आहे. मी रेल्वेत टीसी होतो. उभ्या नोकरीत मी माणसाचं तोंड नंतर पाहिलं, हात आधी पाहिला. बिनतिकिटवाला झोपेचं सोंग घेतो, तेव्हा त्याची पापणी कशी हलते ते मला पाठ आहे. आमची ही म्हणते, "रिटायर झाले, पण डब्यातून काही उतरले नाही तुम्ही."

तर सांगायचा मुद्दा, ढोणे मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटले. त्यांचा फ्लॅट पार्किंगच्या पलीकडे, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. माणूस एकटा. दार उघडलं तर वीतभर. पेपर, दूध, गणपतीची वर्गणी, सगळा कारभार त्या फटीतून. आत कोणाला घेत नाहीत, कामाला बाई नाही. आणि रोज सकाळी त्यांच्या गॅलरीच्या कठड्यावर दोन कप. एकट्या माणसाला दोन कप कशाला? आत कोणीतरी बिनतिकीट राहतं आहे, असा माझा पक्का समज झाला.

"दोनदा पेत असतील चहा," ही म्हणाली.

"मग तोच कप विसळून का नाही पीत?"

"तुम्ही जाऊन इचारा ना मंग."

विचारायला टीसी कधी जात नाही. टीसी पाळत ठेवतो.

हे ढोणे रोज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये स्कीममधल्या नऊ पोट्ट्यांना जमवून अपूर्णांक शिकवत. फुकट. फुकट म्हटल्यावर माझा संशय आणखीच बळावला. आमची नात ओवी तिसरीत, तीही त्यांत. एकदा ती एकाच पायात चप्पल घालून वर आली. विचारलं तर म्हणाली, "दोनातली एक, आजोबा. अर्धा." दुसरी चप्पल खाली अभ्यासाला राहिली होती.

एकदा मी त्यांना थेट विचारलं, की शाळेत बाई पोळीचं चित्र काढून, चार तुकडे करून नीट शिकवतात की, मग तुमचं हे वेगळं काय? ढोणे गोणपाटावर बसले होते. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "तेच तं चुकते साहेब. धंतोलीत डॉक्टरकडे होतो मी. एक म्हातारबा आला यवतमाळकडून. मी त्याले बारा गोळ्या देल्या अन् म्हणलं, बावाजी, याचा पाव हिस्सा रोज खाजा. म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ तीन, चार दिवसात खतम. तो पंधरा दिवसानं परत आला. ताप जसाचा तसा. पुडी सोडली तं आत नुसता चुरा. त्यानं एकेक गोळी चाकूनं चार जागी तोडली होती अन् रोज एक तुकडा खाऊन राहिला होता. पाव म्हणजे तोडाचं, असंच त्याले कोणी तरी शिकवलं. चूक माही, मीच नीट सांगतलं नाही. म्हणून या पोट्ट्याईले मी आधी ढिगाचा पाव शिकवतो. भाकरीचा मंग."

आणि पोरांकडे वळून, "काय रे, तोडाचं?"

"नाही!"

"मोडाचं?"

"नाही!"

"मंग?"

"रांगा लावायच्या!"

बारा बटाटे, चार रांगा, एक रांग उचलली की झाला पाव. पोरं टाळ्या वाजवत. ढोणेही वाजवत. शिकवणं चोख होतं, हे मी मनात कबूल केलं. पण चोख माणसावर लक्ष जास्त ठेवावं लागतं.

मग दिवाळीच्या आधी आमच्या घरातून वस्तू जाऊ लागल्या.

आधी कपड्यांचे चिमटे. बारा होते, नऊ उरले. दुसऱ्या दिवशी चमचे, आठाचे सहा. तिसऱ्या दिवशी सोफ्यावरच्या चार उश्यांतली एक नाही. मी चक्रावलो. चोर नेतो तर सगळं नेतो, नाहीतर चांगलं तेवढं नेतो. हा हिशोबाने नेत होता आणि उरलेलं नीट लावून ठेवत होता. असा सभ्य चोर मी गीतांजली एक्स्प्रेसच्या एसी डब्यातसुद्धा पाहिला नव्हता.

घरात बाहेरचं येतं कोण? रंजना. सात वर्षं आमच्याकडे धुणं-भांडी करणारी. स्कीममधली आठ घरं तिच्याकडे, त्यावर तिचं घर चालतं.

"रंजना, चिमटे कुठं गेले?"

"मले काय मालूम साहेब? मी काय चिमटे खातो?"

उत्तर फार पटकन आलं. माझ्या अनुभवात खरं बोलणारा जरा अडखळतो. ही म्हणाली, "रंजनावर नका जाऊ, पाप लागन." पण पेन्सिल एकदा उचलली की पावती फाडल्याशिवाय मी ती खाली ठेवत नाही. मी रंजनाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं आणि स्कीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं : 'सर्वांनी आपापल्या वस्तू मोजून घ्याव्यात व कामवाल्यांवर लक्ष ठेवावे.' नाव लिहिलं नाही. तेवढी सभ्यता पाळली.

लोकांनी मोजलं. कोणाच्या वाट्या कमी, कोणाच्या बांगड्या, कोणाच्या गोवऱ्या. दोन दिवसांत रंजनाची आठातली सहा घरं सुटली. उरलेल्या दोन घरांत व्हॉट्सअॅप कोणी वाचत नाही, म्हणून ती उरली. रंजना जिन्यात भेटली तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीला लागून खाली उतरली. मी मनात म्हटलं, बघा, नजर चुकवते आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सहज खाली गेलो. सहज म्हणजे खांबाआडून. पार्किंगमध्ये ढोण्यांचा हिरवा टब, पोरं भोवती. आणि त्या टबात आमचे चमचे, आमचे चिमटे, बांगड्या, वाट्या, गोवऱ्या, आणि सगळ्यांवर आमची उशी.

मी खांबाआडून बाहेर आलो. पस्तीस वर्षांत असा रंगेहाथ मुद्देमाल हाती लागला नव्हता.

"ढोणे! हे कोणाचं सामान?"

ढोण्यांची पापणीही हलली नाही. "कितीतलं किती इचारा ना साहेब."

"बारातले तीन, आजोबा!" ओवी उड्या मारत ओरडली. "आठातले दोन! आणि उशी चारातली एक! माझं सगळं बरोबर आलं!"

तो गृहपाठ होता. रोज घरातल्या एका ढिगाचा पाव हिस्सा आणायचा. आठवड्यानं सगळं परत नेऊन लावायचं, म्हणजे तुकडे जोडून पूर्ण कसं होतं ते कळेल. उशी ओवीनं दप्तरातून नेली होती, माझ्या नाकासमोरून. जन्मभर बिनतिकिटवाले पकडले आणि घरातली उशी मला दिसली नाही.

ढोणे पोरांना म्हणाले, "मी म्हणलं होतं, घरी इचारून आणा. इचारून कोणी आणलं? हात वर."

तीन हात वर आले.

"नवातले तीन," ढोणे सवयीनं म्हणाले. मग त्यांचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं. "काय झालं साहेब?"

मी सांगितलं. ग्रुप, रंजना, सहा घरं. ढोणे ग्रुपवर नव्हते. त्यांच्याकडे साधा फोन. त्यांनी टबातून आठ बांगड्या काढून गोणपाटावर मांडल्या.

"हे रंजनाचे आठ घरं. सहा सुटले. ओवी, कितीतले किती गेले?"

ओवीनं जोड्या लावल्या, बोटानं मोजलं आणि हसत म्हणाली, "तीन चतुर्थांश!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. उत्तर बरोबर आलं की वाजवायच्या, तसा नियमच होता. ढोण्यांनी वाजवल्या नाहीत. पोरांच्या टाळ्याही मग एकेक करून थांबल्या.

"उत्तर बरोबर हाय," ढोणे म्हणाले. "बाकी सगळं चुकलं. माहंही अन् तुमचंही, साहेब."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं टब घेऊन घरोघर गेलो. ढोणे वस्तू मोजून परत देत आणि म्हणत, "गृहपाठ माहा, चूक माही." मग माझ्याकडे पाहत उभे राहत. मी काही बोलेपर्यंत हलत नसत. पहिल्या दारात मी नुसता खाकरलो. दुसऱ्या दारात म्हणालो, गैरसमज झाला. तिसऱ्या दारात माझ्या तोंडून निघालं, "संशय मी घेतला. रंजनानं काही केलं नाही." त्यानंतर ते म्हणणं सोपं गेलं असं नाही, पण म्हटलं.

आम्ही टब घेऊन आमच्या घरी पोचलो, त्याआधीच हिनं पायात चप्पल घातली होती. रंजनाला ती स्वतः जाऊन घेऊन आली. मी रंजनासमोर हात जोडले. ती म्हणाली, "राहू द्या साहेब," आणि भांड्यांकडे वळली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

सहांतली पाच घरं परत आली. सहाव्या घरानं तोवर दुसरी बाई लावली होती, आणि त्या बाईचाही काही दोष नव्हता.

"आठातली सात," मी ढोण्यांना म्हणालो. "झालंच की जवळपास सगळं."

"जवळपास?" ढोण्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "गोळी तोडता येते साहेब. घर कसं तोडता? तिच्या लेकराईची फी सात घरात बसत नाही. आठवं कुठाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहतो तर रंजना ढोण्यांच्या दारात. दार वीतभर उघडलं. थोडा वेळ तसंच राहिलं. मग सताड उघडलं आणि ती आत गेली.

आठवं घर कुठलं ते असं ठरलं. पण माझा स्वभाव कुठे जातो? इतकी वर्षं बंद असलेल्या दारामागे काय आहे? रंजना आमच्याकडे आल्यावर मी हळूच विचारलं.

"तुमाले काहून सांगू? तुमी ग्रुपवर टाकसान."

मी पेपर वर धरला तो तिचं काम होईपर्यंत खाली घेतला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी तिनंच विषय काढला. पदराला हात पुसत म्हणाली, "साहेब, तुमी खिडकीतून ते कप पाहत राहता ना? मले दिसते."

"पाहतो," मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"काकू गेल्या त्याले लय वर्षं झाले. काका रोज दोन कप ठेवतेत. आपला पेतेत, अन् दुसरा निवेपर्यंत समोर बसून राहतेत. मंग ओतून देतेत. आत कोणी आलं तं पाहीन, हसन, म्हणून दरवाजा उघडत नव्हते."

"त्यांनी सांगितलं तुला?"

"सांगाले काय लागते? पहिल्या दिवशी मी तो भरला कप मोरीत ओतला अन् धुतला. काकानं तोंड फिरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणे, ओतू नको वं बाई. बस जराशी. तूच पे."

मला लाज वाटली. माझ्या एका मेसेजनं बाईच्या कामाचं एक घर गेलं, आणि ते भरून द्यायला त्या माणसानं आपलं दार उघडलं, जे त्यानं कोणासाठीही उघडलं नव्हतं. आणि मी त्या कपांत बिनतिकीट माणूस शोधत होतो.

हे सगळं लिहावं असं मनात आलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी आधी विचारायला गेलो. ढोण्यांनी दार उघडलं, पूर्ण. मी म्हटलं, "तुमच्याबद्दल लिहावं म्हणतो. कपाचंही. लिहू का?"

त्यांनी कठड्याकडे पाहिलं. तिथे दोन कप होते, दोन्ही रिकामे.

"इचारून नेऊन राहिले ना साहेब?"

"हो."

"मंग न्या. पण सगळं नका नेऊ."

"किती नेऊ?"

"पाव," ढोणे म्हणाले.

तुम्हाला सांगितलं ते तेवढंच आहे. बाकीचं त्यांच्याकडे आहे.