साळवेभाऊंनी सामान सांभाळलं

साळवेभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी नग मोजत. पिशवी एक, छत्री दोन, डबा तीन, आणि वहिनींकडे बोट करून, चार. मग खुर्चीवर बसून पिशवीचा बंद पायाच्या अंगठ्यात अडकवत आणि त्यानंतर मला विचारत, "काय बाई, बरं आहे ना?" उठताना पुन्हा मोजणी. एकदा माझ्या घरून निघताना त्यांचे पाच नग भरले. पाचवा कुठून आला याचा तपास दारातच पाऊण तास चालला. शेवटी उमगलं की वहिनींच्या हातात मीच अळूवड्यांची पुडी दिली होती.

"बिगरनोंद माल असा सोपवायचा नाही, बाई," ते मला म्हणाले. मी शाळेत शिकवते. सोपवायचं कसं, हे मला कुणी सांगितलेलं आवडत नाही.

कर्जत स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांनी तीस वर्षं काढली होती. तेवढ्या काळात जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या मनात दोनच प्रकार उरले होते, नजरेसमोरच्या आणि गेलेल्या. "ज्याचा नग, त्याची नजर," हे त्यांचं ब्रीद. लग्नाच्या पंगतीत ते चपलांकडे तोंड करून बसत. भिसेगावातल्या कित्येक वधूवरांना त्यांनी फक्त पाठ दाखवून आशीर्वाद दिले आहेत.

निवृत्त झाल्यावर माणसं वाफे खणतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. साळवेभाऊंनी जाहीर केलं की ते वहिनींना घेऊन आशिया खंड पाहणार. त्यांचं घर छप्पन सालापासूनचं बौद्ध. त्यांच्या आळीतले लोक नागपूरला जाऊन येत, फार तर बुद्धगयेला. भाऊ म्हणाले, "गया आपल्याच लाइनवर आहे, ती कधीही होईल. आधी लुंबिनी, सिलोन, सयाम."

ही कल्पना त्यांना नेरळला सुचली होती. माथेरानला निघालेले केस वाढवलेले गोरे तिथे गाडी बदलत. त्यांच्याकडे ट्रंक नसे, वळकटी नसे. "माणशी एकच नग, तोही पाठीवर! हमाल नको, काही नको. बाई, आमच्या खात्यात हे कुणाला सुचलं नाही." टेंपोंची आच्छादनं शिवणाऱ्या एका शिंप्याकडून त्यांनी ताडपत्रीच्या दोन पाठपिशव्या शिवून घेतल्या. त्या पिशव्यांना पुढे अनेक देशांत डिझेलचा वास येत राहिला.

मग सराव सुरू झाला. पिशव्यांत वहिनींच्या माहेरचा, पोशीरचा तांदूळ भरायचा आणि खालापूरपर्यंत चालत जायचं, येताना एस.टी. पहिल्याच दिवशी खालापूरला पोचल्यावर भाऊंनी ताणकाटा लावला, तर वहिनींच्या पिशवीत निम्माच तांदूळ.

"अगं, वाटेत माल फुटला?"

"फुटतोय कशाला? इकला," वहिनी म्हणाल्या. "दोगी बाया इचारत व्हत्या, कसा दिला म्हनून. जड बी व्हतं. दिला."

भाऊ आठ दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी वहिनींच्या पिशवीला पत्त्याचं लेबल बांधलं आणि तसंच दुसरं त्यांच्या हिरव्या बांगडीला.

"हरवलीस तर लोकांनी कुठं परत पाठवायची?"

"आनि तुमी हरवलात तर?"

"मी सामानापाशीच असणार," भाऊ म्हणाले.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्यात दोघं गेली आणि तीन महिन्यांनी परत आली. आधी नेपाळ, मग रामेश्वरमहून बोटीने सिलोन, पुढे मद्रासहून पेनांग आणि तिथून रेल्वेने बँकॉक. मुक्काम विहारांत नाहीतर धर्मशाळांत, जेवण मिळेल ते. दोघंही काळवंडली होती. भाऊंचा पट्टा दोन भोकं आत गेला होता.

मी तेव्हा आमच्या वाचनालयाची चिटणीस होते. मी लगेच येत्या रविवारी त्यांचं व्याख्यान ठरवलं, कागदाला रकाने आखले (ठिकाण, काय पाहिलं, विशेष) आणि टिपणं घ्यायला बसले.

"काठमांडू?"

"बाकडं लाकडी. पाठ टेकायला काही नाही."

"बरं, सिलोन? अनुराधापूर?"

"तिथला पोर्टर सज्जन. दोन केळी दिली. काटा मात्र तीन किलोनं चुकीचा."

"आणि बोधिवृक्ष?"

भाऊंनी पिशवीचा बंद चाचपला. "मोठा आहे. झाडच ते."

"बँकॉक?"

"पार्सलाला दोरी फुलीसारखी बांधतात, बाई! आपण अजून सरळ बांधतो."

तासाभरात माझा 'काय पाहिलं'चा रकाना कोराच राहिला, आणि 'विशेष'मध्ये पाच देशांतली बाकं गोळा झाली. मी सरळच विचारलं, "भाऊ, तुम्ही सामान सोडून कुठं गेलात तरी का?"

"सामान सोडून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना धोतर सोडून फिरायला सांगत होते.

मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी वाचनालयात मी चारचौघांत सांगून टाकलं की आमच्या भाऊंनी आशिया खंड बाकड्यावर बसून पाहिला. वर त्यांची नक्कलही केली. नक्कल मला चांगली जमते. संध्याकाळपर्यंत ती भिसेगावातून पलीकडे कर्जतच्या बाजारात पोचली. तिथून फाटकसाहेबांकडे. ते रसायनीच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. कंपनीने त्यांना एकदा विमानाने सिंगापूरला नेलं होतं, तेव्हापासून तालुक्यात परदेशाचा मक्ता त्यांच्याकडे असे. त्यांनी निरोप पाठवला, "रविवारी येतोय. दोन-चार प्रश्न विचारीन म्हणतो."

इकडे भाऊंनी नवा सदरा शिवला होता. पार्सल ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्यांना स्वतः जाऊन बोलावलं होतं, त्यांच्या आळीतली पोरंसोरं पहिल्या रांगेत बसणार होती. साळव्यांपैकी कुणी व्यासपीठावर उभं राहण्याची ही पहिलीच वेळ. आणि त्या माणसाला भर सभेत उघडं पाडायची सोय मीच करून ठेवली होती.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. व्याख्यान पुढे ढकलू, घसा बसला म्हणून सांगू, असं ठरवूनच. भाऊ दाढी करायला गेले होते. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी जे केलं ते मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या.

"खरंच हाय की. बाकड्यावरच व्हते ते."

"पण वहिनी, क्लोकरूम नसते का कुठं? आणि हे त्यांना कळू नये? पार्सलवाल्याला?"

"सगळीकडं व्हती. लुंबिनीला तर धरमशाळेत कुलपात ठिवलं व्हतं सामान. दोगं मिळून बगाया गेलो." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "संध्याकाळी ह्यांनी इचारलं, काय काय बगितलंस गं? मी म्हनलं, तुमची पाठ."

मला कळेना.

"बाई, मी कदी ह्यांच्या पुढं चालले हाय का? पोशीरनं लगीन होऊन आले तवापास्नं मागनंच. खाली मान घालायची नि ह्यांच्या टाचा बगत जायाचं. सवयच ती. लुंबिनीला खांब हाय म्हनं मोठा. मला न्हाय दिसला. ह्यांच्या आड व्हता."

"मग?"

"मंग काय. दुसऱ्या दिशी सामान घेऊन बसले. म्हनले, कुलपावर माजा भरोसा नाय, तू जा, बगून ये. मी म्हनलं, मी एकली? तर म्हनले, लेबल हाय ना बांधलेलं." वहिनी सूप पाखडू लागल्या. "तीन म्हयने तसंच. रोज संध्याकाळी सगळं सांगाया लावायचे. एक दार इसरले तरी चिडायचे."

घसा बसल्याचं मी काही बोलले नाही. घरी आले.

सभेला जागा पुरली नाही. भाऊंनी अर्धा तास बाकडी, काटे आणि दोऱ्या यांवर भाषण केलं. पार्सल ऑफिसवाल्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. बाकीचे एकमेकांना कोपरं मारत होते. मग फाटकसाहेब उठले.

"साळवे, बाकडी झाली. आता जरा अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचं वर्णन करा."

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मी पाहिला नाही," ते म्हणाले.

मागे कुणीतरी खिदळलं. मी केलेल्या नकलेच्या सुरात एक आवाज आला, "झाडच ते!" सभागृह हसलं. हसणं थांबेपर्यंत भाऊ उभे राहिले, गाडी निघून जाईपर्यंत रेल्वेच्या फाटकाशी उभं राहावं तसे.

"मी सामानापाशी होतो. पाहिलंय हिनं. अगं, ये वर."

वहिनी बायकांतून उठून वर गेल्या आणि सवयीने भाऊंच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. लोकांना दिसेना. तेव्हा भाऊ पायरी उतरले आणि खाली, पोरांच्या रांगेत, सतरंजीवर जाऊन बसले.

वहिनी आधी बऱ्याच अडखळल्या. मग पांढऱ्या कपड्यांतल्या बाया सांगितल्या, पायऱ्या सांगितल्या, झाडाभोवतीचं सोनेरी कुंपण सांगितलं, फांद्यांना दिलेले टेकू किती ते बोटांवर मोजून सांगितलं. फाटकसाहेब खाली बसले.

"आनि त्या झाडाखाली हुबी ऱ्हायले," वहिनी म्हणाल्या, "नि मागं वळून बगितलं, हे आलेत का. कोन नव्हतं. मंग मला लई रडू आलं."

भाऊ सतरंजीवरून उभे राहिले. "हे तू मला सांगितलं नव्हतंस."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिशी संगं आला असता," वहिनी म्हणाल्या. "मंग परत पाठच!"

बायकांची बाजू आधी हसली, मग सगळेच. भाऊ हसले नाहीत, पण खालीही बसले नाहीत. शाळेतल्या मुलासारखा त्यांनी हात वर केला.

"मला एक विचारायचंय. वारा होता का?"

"व्हता की."

"मग पानं वाजत असतील त्याची. कशी वाजत होती?"

 वहिनी आठवू लागल्या. भाऊ हात वर धरूनच उभे होते.

"तळ्यात लई जन एकदम पाय धुवाया लागले म्हंजी कसं वाजतं, तसं," त्या म्हणाल्या. "बारीक. थांबतच नव्हतं."

भाऊंनी डोळे मिटले आणि ते ऐकू लागले.