नातं लावणारे आबा

आमच्या कॉफीच्या दुकानात येणाऱ्या कुणालाही आबा आधी नातेवाईक करून घेतात, मग कॉफी पिऊ देतात.

दुकान मलकापुरात, हायवेच्या कडेला. मी तिथं कप विसळते, टेबलं पुसते. आबा मिलिटरीतून रिटायर झालेले, एकटेच राहतात. सकाळी आठला दाराजवळची खुर्ची धरतात. कोणी आत आलं की सुरू. "पाव्हणं, गाव कुठलं? आडनाव? मामाचं गाव?" समोरचा सांगत जातो, आबा डोळे मिटून बोटं मोजत जातात. मग म्हणतात, "थांबा. धागा लागतोय."

धागा लागला नाही असं मी पाहिलेलं नाही. एकदा चेन्नईचे एक साहेब लॅपटॉप उघडून बसले होते. आबांनी मिलिटरीच्या हिंदीत त्यांची चौकशी केली आणि मला म्हणाले, "आमच्या पलटणीचा आचारी ह्यांच्याकडचाच. लय वर्सं त्याच्या हातचं खाल्लंय. म्हंजे हे घरचंच." साहेबांना कॉफी बशीत ओतून प्यावी लागली.

एकदा कोपऱ्यात एक मुलगा आणि मुलगी चोरून बसली होती. आबांनी दोघांची गावं विचारली. ती नात्यात मावसभावंडं निघाली. मुलीचं तोंड पांढरं पडलं. आबा म्हणाले, "भिऊ नगंस. लय लांबचं हाय. लग्नाला आडकाठी न्हाई." ती दोघं पुन्हा दुकानात आली नाहीत.

मलाही ते पहिल्याच दिवशी विचारणार हे दिसत होतं. आम्ही बौद्ध. याआधी मी एका घरी स्वयंपाकाला होते. तिथल्या बाईंनी आठवड्यानं आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी "आता येऊ नको" म्हणाल्या. म्हणून आबांनी "पोरी, म्हायेर कुठलं?" म्हटल्यावर मी पलूस सांगितलं, ते खरं होतं. आडनाव पाटील सांगितलं.

आबांनी बोटं मोजली. "माझी आत्या पलूसच्या पाटलांतच दिलीया. तू तिच्या दिराची नात. म्हंजे माझी भाची."

दिवाळीला भाचीला साडी आली. मी ती ट्रंकेत ठेवली. नेसायला मन होईना.

मग एका सकाळी दादा आले. दादा म्हणजे माझे वडील. न कळवता आले, धुतलेला सदरा घालून, हातात हरभऱ्याच्या डहाळ्याची पिशवी. दारातच आबांनी धरलं.

"या पाव्हणं. गाव कुठलं?"

"पलूस."

"आवं मग आमच्या भाचीच्या गावचं की. कुणाचं तुमी?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात कपांचा ट्रे होता. मी म्हणाले, "गावाकडचं हायत. वळखीचं."

दादांनी पिशवी खाली ठेवली. "व्हय," ते म्हणाले, "वळखीचं."

आबांनी एकदा दादांच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा माझ्या. आमचं नाक एकच आहे. मी आत जाऊन नळ सोडला. पुढची चौकशी ऐकायची नव्हती, पण आतून दिसलं, आबांची बोटं हललीच नाहीत. आबांनी पहिल्यांदाच कुणाला आडनाव न विचारता कॉफी पाजली, आणि दादांना एसटीपर्यंत पोचवायला तेच गेले. मी कप धूत राहिले. धुतलेलेच पुन्हा धुतले.

त्यानंतर चार दिवस आबांची खुर्ची रिकामी. त्यांना सगळं कळलं आणि त्यांना माझा राग आला, असंच मी धरून चालले. पाचव्या दिवशी भर गर्दीत दादांच्या नंबरावरून फोन आला. आवाज आबांचा.

"सुमन, पलूसात तुझ्या घरात बसलोय. तुझा बाप लय अबोल हाय. इचारल्याबिगर येक शबूद सांगत न्हाई."

मी हातातला कप खाली ठेवला.

"पलूसात माझी आत्या न्हाई गं. कवाच न्हवती. मला कुठंच कोण न्हाई. असतं तर रोज दारात बसून लोकांची गावं इचारली असती का? तुझी आई भाकरी थापतीया. जेवूनच निघतो. घे, बापाशी बोल."

दादा फोनवर आले. "कामात हायस का? मग ठिवू का?"

"दादा, त्या दिवशी..."

"असू दे," दादा म्हणाले. "पाव्हणं ताटावर खोळंबल्यात." आणि त्यांनी फोन ठेवला.

काउंटरजवळ उभ्या असलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "काय हो, कुणाचा फोन?"

"माझ्या वडिलांचा," मी म्हणाले. त्यांना नीट ऐकू गेलं नाही. मग मी पुन्हा सांगितलं.