गरज का हौस?

नरसिंगराव तहसील कचेरीतून घरी आले ते अंगात वारं भरल्यासारखे. दुपारी कचेरीत कुणा पाहुण्याचं 'मुलांना पैशाची शिस्त लावा' या विषयावर व्याख्यान झालं होतं. बाकी सगळा स्टाफ झोपला, एकटे नरसिंगराव जागे राहिले आणि तिथंच घोटाळा झाला.

"ऐका," चहा यायच्या आधीच त्यांनी फर्मान काढलं. "आजपासून या घरात एकच कायदा. गरज बापाच्या पैशानं, हौस सोताच्या पैशानं."

सातवीतली अदिती लगेच पुढं सरकली. "मंग बाबा, मले सायकल पाह्यजे. गरज हाय."

"शाळा किती दूर हाय?"

"चौकाच्या पल्याड."

"मंग चालत जाय. पायाले काय झालं? दरखास्त नामंजूर!"

अदिती रडली नाही. पोरगी बापाच्याच वळणावर गेली होती. कायदा एकदा कळला की तो दुसऱ्याला लावण्यात तिला भारी मजा यायची. आई साडीच्या दुकानासमोर रेंगाळली की ही विचारणार, "आई, गरज का हौस?" बाबांनी दुसऱ्यांदा भजी मागितली की पुन्हा तेच. नरसिंगरावांचा हात ताटातच थांबायचा, पण मनातून कौतुक वाटायचं. कचेरीत ते सगळ्यांना सांगत सुटले, "पोरगी तयार झाली आपली!"

त्याच सुमारास थोरल्या चैत्रालीचं लग्न जमत आलं. मुलगा जयदीप, तेलंगणात मंचेरियलला कोळसा खाणीत इंजिनिअर. चैत्रालीनं आईला साफ सांगून टाकलं होतं, "करीन तर याच्याशीच." त्यामुळं रविवारी बोलणी करायला पाहुणे आले, तेव्हा घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

पोहे संपवून मुलाचे मामा डोमाजीराव मिशा पुसत म्हणाले, "आमचं मागणं म्हणाल तर काहीच नाही. देवाच्या दयेनं समदं हाय. फक्त पोराच्या सोयीसाठी एक चारचाकी तेवढी द्या. तिच्यात बी तुमचीच पोरगी बसन ना!"

नरसिंगरावांच्या डोळ्यांपुढं आपला पीएफ उभा राहिला आणि तसाच आडवा झाला. तरी हसू न ढळू देता ते म्हणाले, "हो हो, आजकाल गाडी म्हंजे गरजच हाय."

पाणी घेऊन आलेली अदिती 'गरज' ऐकून जागीच थबकली. ती थेट जयदीपकडं वळली. "भाऊजी, तुमचं ऑफिस किती दूर हाय?"

जयदीप गोंधळला. "क्वार्टरच्या समोरच हाय."

"मंग चालत जा ना! पायाले काय झालं?"

अदितीची आई रमाबाई चहाचा ट्रे तिथंच टेकवून तिला आत ओढायला धावल्या. नरसिंगरावांनी डोळे वटारले, पण कायदा पुरता सांगितल्याशिवाय थांबेल तर ती अदिती कसली! "मंग गाडी हौस झाली. हौस सोताच्या पैशानं करा लागते. बाबानंच शिकवलं."

"नरसिंगराव," डोमाजीराव ताडकन उठले, "लेकराच्या तोंडून काऊन बोलून राह्यले? सोता बोला ना!" ते तरातरा चपला घालून निघाले. जयदीपही कान लाल करून त्यांच्यामागं गेला.

चैत्राली उशीत तोंड खुपसून रडली. नरसिंगरावांनी कायदा तिथल्या तिथं रद्द केला. "पुन्हा हौस म्हणलीस तर याद राख!" त्या आठवड्यात अदितीशी घरात कुणी धड बोललं नाही. आपलं काय चुकलं ते तिला कळेना, पण ताईला रडताना पाहून तिलाही रडू यायचं.

मग एका सकाळी खुद्द जयदीपचा फोन आला. "काका, गाडी नको. मी चालतच जातो. मामाले समजवता समजवता उशीर झाला, माफ करा."

चैत्रालीनं अदितीला उचलून गरकन फिरवलं. "संस्कार कोणाचे हायत!" म्हणत नरसिंगराव शेजारीपाजारी पेढे वाटून आले.

संध्याकाळी मात्र ते एका चारचाकीचं रंगीत माहितीपत्रक घेऊनच घरी आले. "गाडी देली तर मामा मानतीन म्हणून पीएफचा अर्ज टाकून ठेवला होता, तो आज मंजूर झाला. मंजूर झालेला पैसा कोणी वापस करते का? अन् पोरीकडं जायले गाडी लागनच ना."

"मंचेरियलची बस तर आपल्या चौकातूनच जाते," रमाबाई म्हणाल्या.

अदितीनं तोंड उघडलं. ते पाहताच नरसिंगराव घाईघाईनं तिच्याजवळ गेले.

"अदिती बेटा, सायकल कोणती पाह्यजे म्हणत होतीस?"

"गियरवाली."

"उद्याच आणू."

अदितीनं उघडलेलं तोंड मिटलं, थोडा विचार केला आणि आईकडं वळून म्हणाली, "आई, बसले लई गर्दी राह्यते. गाडी गरजच हाय."