बारा शब्दांचा अबोला

सलग सहाव्या दिवशी टेलरबाईंनी शिवणाच्या खोलीतून दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीला फोन लावला. "तुझ्या बाबांना सांग, दूध उतू जातंय."

लेकीने बाबांना फोन लावला. बाबा, म्हणजे निवृत्त कारकूनसाहेब, दुधापासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्मा शोधून फोन उचलेपर्यंत शेगडी विझलीसुद्धा.

"आईला सांग, गेलं उतू."

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे! तुमच्या दोघांत एक भिंत आहे फक्त!"

भांडण पैशाचं असतं तर एव्हाना मिटलंही असतं. हे पडलं तत्त्वाचं. चार वर्षांपूर्वी लेकीच्या नादाने दोघांनी मिळून थोडं क्रिप्टो चलन घेतलं होतं. फोनमधल्या त्या पाकिटाला बारा शब्दांचं कुलूप होतं. सहा शब्द साहेबांनी पाठ करायचे, सहा बाईंनी, म्हणजे एकमेकांना विचारल्याशिवाय कुणालाच काही करता येणार नाही. या युक्तीवर लेक तेव्हा बेहद्द खूश होती.

गेल्या महिन्यात त्या चलनाच्या नेटवर्कवर मोठी चोरी झाली. अर्धे लोक म्हणाले, सगळे मिळून व्यवहारांची नोंद दुरुस्त करू आणि ज्याचं त्याला परत देऊ. उरलेले म्हणाले, आज चोरीपायी नोंद बदलली तर उद्या कुणाचीही बदलतील, मग स्वातंत्र्य कसलं? एकमत होईना, तेव्हा नेटवर्क दुभंगायचं ठरलं. रविवारी दुपारी बाराच्या आत पाकीट उघडून नाव घातलं तर नव्या, दुरुस्त बाजूला जागा मिळणार होती. नाही घातलं तर आपोआप जुन्याच बाजूला.

कारकूनसाहेबांची छत्तीस वर्षं नोंदणी कचेरीत गेली होती. "एकदा लिहिलं की लिहिलं. खाडाखोड मला चालणार नाही," त्यांनी जाहीर केलं.

टेलरबाईंचा जन्म चुकलेल्या शिवणी उसवण्यात गेला होता. "बाही उलटी लागलीय हे दिसत असताना तशीच ठेवू? माणसाला घालायचीय ती!"

"बाहीची गोष्ट वेगळी."

"आणि लुबाडलेल्या माणसांची?"

यावर साहेबांनी आपले सहा शब्द द्यायला साफ नकार दिला. बाईंनी मग भाषेतले उरलेले सगळे शब्द बंद केले.

शनिवारी लेकीचा निरोप आला, "मी तुमचं नेटवर्क नाही. आता सोमवारीच फोन करा." घरात नुसतं शिवणयंत्र तेवढं बोलत राहिलं. साहेबांना काहीच करावं लागणार नव्हतं. गप्प बसलं की जिंकले! पण चहाचा कप टेबलावर ठेवून बाई काही न विचारता निघून जात, आणि तो चहा तसाच गार होई. त्यांना बायकोची भयंकर आठवण येत होती, आणि बायको तर शेजारच्याच खोलीत होती.

रविवारी बाराला पाच कमी असताना ते शिवणाच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"माझं मत बदललेलं नाही," ते खाकरून म्हणाले. "पण मी गप्प बसून तुला अडकवायचं, हेही मला पटत नाही. घे लिहून. बदक. पायरी. लिंबू. तराजू. शिट्टी." ते थांबले. छताकडे पाहिलं. "शिट्टी..."

"गालिचा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होता?"

"चार वर्षं. रोज दाढी करताना आरशासमोर उजळणी करता ना!"

"मग उघडलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला होतात."

साहेब तिथल्या स्टुलावर बसले. बाईंनी फोन हातात घेतला आणि आपले शब्द भरायला लागल्या, "ढग. चमचा. कंदील. उशी..."

"पोपट, दोरी," साहेब पुटपुटले.

"अगं बाई! तुम्हाला कसं ठाऊक?"

"यंत्राच्या तालावर म्हणत असतेस दिवसभर. पोपटाला नेहमी पाय अडखळतो तुझा."

दोघंही खूप हसले. आठवडाभराचं साठलेलं बोलणंही मग घाईघाईने बोलून झालं. हसू आवरून बाईंनी बटण दाबलं, तर पडद्यावर अक्षरं उमटली, 'मुदत संपली'. बाराला चार मिनिटं होऊन गेली होती.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या, पण आवाज पडला होता.

साहेब ताडकन उठले. "जाऊ दे कसं? लावतो फोन लेकीला. कोण आहे त्यांचा वरिष्ठ? चार मिनिटांचा तर प्रश्न आहे. नोंद दुरुस्त करून द्या म्हणावं!"

"अहो, पण खाडाखोड चालत नाही ना तुम्हाला?"

"ती लोकांची," साहेब कागद शोधत म्हणाले. "हे तुझं आहे."